वरच्या डाव्या खणातला फटका

माझ्या मामाला मामीची धमकी पोस्टाने आली.

मामा पोस्टात पत्रं लावतो. एकतीस वर्षं एकाच लाकडी कपाटासमोर उभा आहे. कपाटाला आठ आडव्या ओळी आणि बारा उभ्या रांगा मिळून शहाण्णव खण आहेत. डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा धरायचा, उजव्या हाताने एकेक पत्र उचलायचं, पत्ता वाचायचा आणि ज्या त्या भागाच्या खणात टाकायचं. टाकायचं म्हणजे मनगटाला एक झटका द्यायचा. पत्र हवेतून जातं आणि खणाच्या मागच्या फळीवर 'फट्' वाजतं. मामाच्या पत्रांचा आवाज इतका सारखा येतो की शेजारच्या टेबलावरचे लोक त्या तालावर शिक्के मारतात.

त्या मंगळवारी त्याच्या हाताला एक निळं पाकीट लागलं. अक्षर मामीचं. पत्ता घरचा. नाव त्याचं स्वतःचं.

दुसरा कुणी असता तर त्याने तिथेच फोडलं असतं. मामाने ते आमच्या भागाच्या खणात टाकलं, फट्, आणि पुढचं पत्र उचललं. पत्र पोस्टमन दारात देईपर्यंत ते पोस्टाचं असतं, आपलं नसतं, असं त्याचं मत आहे. संध्याकाळी घरी आला, मामीसमोर बसून जेवला, हवापाण्यावर बोलला आणि झोपला. मामीला पेटीत पाकीट टाकताना मी बघितलं होतं, म्हणून मीच राहून राहून दोघांच्या तोंडाकडे बघत होते. पंप बनवणाऱ्या कारखान्यात मला नोकरी लागल्यापासून मी त्यांच्याकडे राहते, त्यामुळे या घराची रीत मला माहीत आहे. इथे भांडण तोंडाने होत नाही. ज्याला राग आला तो पत्र लिहितो आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकतो. पत्र यायला एक दिवस लागतो, कधी दोन. तेवढ्यात निम्मा राग उतरतो आणि उरलेला निम्मा शुद्ध भाषेत वाचायला मिळतो.

बुधवारी दुपारी आम्ही तिघंही जेवायच्या सुट्टीत घरी असताना पोस्टमनने पत्र दिलं. मामी तेव्हा ताटं मांडत होती.

"कुणाचं?" तिने विचारलं.

"बघतो," मामा म्हणाला. त्याने सुरीने पाकीट कापलं आणि उभ्या उभ्या वाचलं. मग ते माझ्या हातात दिलं, कारण त्याच्या मते घरात कागद सगळ्यांनी बघायला हवा.

पत्रात लिहिलं होतं की पोस्टाच्या वार्षिक टेनिस स्पर्धेत जोडीच्या गटात आपण सलग सहा वर्षं पहिल्याच फेरीत हरलो. सहाही वेळा त्याच जोडीकडून, आणि सहाही वेळा एकाच कारणाने. ते कारण तुमच्या डाव्या खांद्यावर आहे. यंदा पुन्हा पहिल्या फेरीत हरलो तर पुढच्या वर्षीपासून मी दुसऱ्या जोडीदाराबरोबर खेळेन. दाताचे डॉक्टर उंच आहेत आणि त्यांना जोडीदार नाही. कळावे. खाली पूर्ण सही.

"डॉक्टर काय उंच आहेत म्हणून..." मामा म्हणाला आणि थांबला. "भाजी वाढ."

हे दोघं चोवीस वर्षं एकत्र खेळतायत. पोस्टामागे सिमेंटचं एक टेनिस कोर्ट आहे. लग्नाआधी मामा तिथे एकटाच भिंतीवर चेंडू मारत बसायचा. मामी शेजारच्या प्रयोगशाळेत रक्त काढायच्या कामाला नवी लागली होती. एकदा चेंडू तिच्या खिडकीतून आत गेला. ती तो परत द्यायला आली आणि म्हणाली, "मारताय ते बरं, पण बघून मारा." त्यानंतर चेंडू बऱ्याचदा खिडकीतून आत गेला. म्हणजे मामाच्या बाबतीत कोर्टावरचा जोडीदार जाणं ही नुसती स्पर्धेची गोष्ट नव्हती. बाकी काहीही गेलं असतं तरी त्याने खांदे उडवले असते.

आता त्या खांद्याबद्दल.

समोरची जोडी म्हणजे पोस्टातलेच तिकीट-खिडकीवाले आणि त्यांची बायको. सगळे त्यांना खिडकीवाले आणि खिडकीवहिनी म्हणतात. दोघंही जाडगेले, पळायचा कंटाळा. पण मामा जाळीजवळ आला की ते अलगद, उंच चेंडू त्याच्या डाव्या खांद्यावरून सोडतात. मामा उजव्या हाताने खेळतो. तो चेंडू जमिनीवर पडायच्या आत, उलट्या हाताने, डोक्याच्या उंचीवर मारावा लागतो. बॅकहँड व्हॉली, आणि तीही उंचावरची. भल्याभल्यांना हा फटका जमत नाही, कारण तिथे हातात ताकदच येत नाही. पण मामाला तो न जमण्याची तऱ्हाच वेगळी होती. त्याचा चेंडू कधी जाळीत गेला नाही. तो वर जायचा. टेलिफोनच्या तारांवर, पोस्टाच्या कौलांवर, आणि एकदा तर पोस्टमास्तरांच्या उघड्या छत्रीत.

मामीला हे बघवायचं नाही. तिचा स्वतःचा हात दगडासारखा. "दिवसाला साठ जणांना टोचते मी," ती म्हणायची, "माझं मनगट तुमच्यासारखं नाचलं असतं तर निम्मा गाव निळा झाला असता."

मी डिप्लोमा केलाय यंत्रांचा. मला वाटलं, हे तर आपलं काम आहे. रविवारी सकाळी मी जाळीच्या खांबाला फोन बांधला, मामाच्या डाव्या खांद्यावर चाळीस चेंडू टाकले आणि सगळं चित्रण घरी येऊन सावकाश करून बघितलं.

मामा माझ्या मागे उभा होता. पडद्यावर चेंडू येतो, मामा मान वर करतो, रॅकेट डाव्या कानाशी नेतो. इथपर्यंत ठीक. मग चेंडू लागायच्या क्षणी मनगट पुढे झटकतं. रॅकेटचं तोंड आकाशाकडे होतं. चेंडू गेला.

"पुन्हा दाखव," मामा म्हणाला.

मी पुन्हा दाखवलं.

"हा झटका ओळखीचा वाटतो," मामी स्वयंपाकघरातून म्हणाली. ती पडद्याकडे बघतही नव्हती, मामाकडे बघत होती. मामाचा उजवा हात त्याच्या नकळत डाव्या कानाशी गेला होता आणि हवेत एक पत्र टाकत होता.

कपाटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला खण दीपगृह आणि बंदराचा. त्याच्या खाली दगडखाण. त्याच्याखाली मुलींची निवासी शाळा. उजव्या हाताच्या माणसाला वरच्या डाव्या खणात पत्र टाकायचं तर हात डाव्या खांद्यापर्यंत न्यावा लागतो आणि तिथून मनगटाने झटकावं लागतं. एकतीस वर्षं, दिवसाला किमान शंभर वेळा. मी कागदावर गुणाकार करायला घेतला तर मामाने कागद काढून घेतला.

"म्हणजे मी चेंडू बंदरात पाठवतोय," तो म्हणाला.

"अचूक पाठवताय," मामी म्हणाली. "फक्त बंदर तिथे नाहीये."

उपाय मामीने काढला. लाकडी फूटपट्टीचा तुकडा मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवून वर पट्टा गुंडाळला. मनगट वाकायचंच नाही. संध्याकाळी कोर्टावर बघितलं तर दहातले तीन चेंडू आत पडले. सहा वर्षांत एवढे पडले नव्हते. मामा इतका खूश झाला की रात्रीही पट्टी बांधून झोपला.

आणि सकाळी ती बांधूनच पोस्टात गेला. "सवय लागली पाहिजे," म्हणाला. मी मान डोलावली. यंत्रांचं शिकलेल्या माणसाने तरी तेव्हा विचार करायला हवा होता की एका मशीनचं स्प्रिंग बदललं तर त्यावर चालणारं दुसरं मशीन काय करेल.

ताठ मनगटाने टाकलेलं पत्र जरा कमी उडतं. किती कमी? बरोबर एक खण. डाव्या कोपऱ्यातली सगळी पत्रं एकेक पायरी खाली उतरली. बंदराची खाणीत, खाणीची शाळेत. आवाज मात्र तोच, फट्, म्हणून कुणाला संशय आला नाही. मामाला तर नाहीच. तो खणाकडे बघत नाही. एकतीस वर्षांत बघावं लागलं नाही.

पोस्टमनही गठ्ठा बांधून नेतात आणि ज्या त्या ठिकाणच्या कचेरीत ठेवतात. तिथले कारकून सगळी पाकिटं एकदम कापतात आणि मग वाचतात.

नऊ दिवस हे चाललं. दहाव्या दिवशी, म्हणजे स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी, पोस्टमास्तरांनी मामाला आत बोलावलं. टेबलावर परत आलेल्या पत्रांचा ढीग होता.

"बसा," पोस्टमास्तर म्हणाले. "शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला होता. त्यांना लेखी सूचना मिळाली की सुरुंग फक्त दुपारी बारा ते एकच्या दरम्यान उडवावेत आणि त्या वेळी सर्वांनी दोनशे मीटर लांब उभं राहावं."

मामा खुर्चीच्या कडेवर टेकला.

"बाईंनी दोन दिवस मुलींना मधल्या सुट्टीत मैदानाच्या पलीकडे उभं केलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, सुरुंग नेमका कुठे आहे."

"अरे देवा."

"खाणीच्या व्यवस्थापकांना पत्र गेलं की दिवा सूर्यास्ताला लावावा, सूर्योदयाला विझवावा आणि काच रोज पुसावी. त्यांनी कचेरीच्या दारात कंदील टांगला आहे. म्हणतात, वरून हुकूम आहे, कशाला वाद घाला." पोस्टमास्तरांनी चष्मा काढला. "तुमच्या हातून एकतीस वर्षांत एक पत्र चुकलं नव्हतं हो. हाताला काय बांधलंय?"

मामाने सांगितलं. पोस्टमास्तर स्वतः टेनिस खेळतात. छत्री त्यांचीच होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या फटक्याबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे," ते म्हणाले. "पण पट्टी या दाराबाहेर. आणि हा ढीग तुम्हीच लावा."

मामाने पट्टी सोडून खिशात ठेवली आणि ढीग उचलून कपाटासमोर आला. दीपगृह, फट्. खाण, फट्. मनगट मोकळं झाल्यावर त्याला जरा बरंही वाटत होतं. तेवढ्यात एक निळं पाकीट हाताला लागलं.

अक्षर मामीचं. पत्ता दाताच्या डॉक्टरांचा. त्यांचा दवाखाना बंदरावर आहे, म्हणून पत्र खाणीत गेलं होतं. निळं पाकीट खासगी दिसलं म्हणून व्यवस्थापकांनी ते वर 'आमचे नाही' लिहून न फोडता परत पाठवलं होतं. शिक्का आठ दिवसांपूर्वीचा.

म्हणजे तिने स्पर्धेची वाटही बघितली नव्हती.

मामाने मला नंतर सांगितलं की ते पाकीट त्याने चांगलं मिनिटभर हातात धरलं. फोडायचा विचार आला नाही, म्हणाला, खरंच नाही. पण शर्टाच्या खिशाचा विचार आला. खिशात पट्टी होती, म्हणून जागा नव्हती. मग शेजारच्या टेबलावरून कुणी तरी ओरडलं, "दादा, आवाज बंद का? शिक्के अडलेत!" मामाने हात डाव्या कानाशी नेला आणि मनगट झटकलं.

फट्. वरचा डावा खण. अगदी मधोमध.

संध्याकाळी कोर्टावर मामा आला तेव्हा त्याचा चेहरा असा होता की मी चेंडूंची टोपली खालीच ठेवली. बाकावर बसून त्याने सगळं सांगितलं. "डॉक्टर वाईट नाहीत," तो म्हणाला. "फक्त माझं तोंड उघडं असताना, यंत्र आत फिरत असताना, मला व्हॉली शिकवत होते. मला तेव्हा उत्तर देता येत नव्हतं. ते मी अजून विसरलो नाही."

"मामा, पण तू तिला विचार ना सरळ."

"पाकिटातलं विचारायचं नसतं."

मामी आली. मामाने पट्टीशिवाय खेळायला सुरुवात केली आणि पहिलाच चेंडू तारांवर गेला. दुसरा कौलांवर. पाचव्या चेंडूला मामीने रॅकेट काखेत मारली आणि त्याच्याभोवती एक चक्कर मारली, रुग्णाची शीर शोधताना मारते तशी.

"हा डावा हात काय करतोय?" ती म्हणाली.

"कुठे काय करतोय?"

"तेच म्हणते. नुसता लोंबतोय. पोस्टात असा रिकामा असतो का तुमचा डावा हात?"

"पोस्टात त्यात गठ्ठा असतो."

"मग इथे द्या काहीतरी त्याला. रॅकेटचा गळा धरा त्याने. चेंडू येईपर्यंत सोडू नका."

मामाने डाव्या हाताने रॅकेटचा गळा धरला. मी चेंडू टाकला. दोन्ही हात वर डावीकडे न्यायचे म्हटल्यावर खांदाच वळला, खांद्याबरोबर कंबर वळली आणि उजवा पाय आपोआप पुढे पडला. शेवटच्या क्षणी डावा हात सुटला. रॅकेट दारावर थाप मारावी तशी थोडीशीच पुढे गेली, मनगट जागचं हललं नाही. चेंडू खाली, लांब, पलीकडच्या कोपऱ्यात.

मला कारण समजायला घरी जावं लागलं. मामाचा उजवा हात पत्र टाकतो तेव्हा डावा स्वतःच्या जागी, छातीशी असतो. डावा हात उजव्याबरोबर वर आला की उजव्या हाताला कळतं, हे पोस्ट नाही. मी हे मामीला समजावून सांगायला गेले. ती म्हणाली, "हो, हो, कांदा चीर."

शुक्रवारी दहातले सहा पडले. शनिवारी सात.

रविवारी पहिल्या फेरीत समोर खिडकीवाले. सामना एकाच सेटचा असतो. पोस्टाची सगळी माणसं कडेला खुर्च्या टाकून बसलेली. दाताचे डॉक्टर नव्हते, पण मामा दर दोन मिनिटांनी फाटकाकडे बघत होता.

"दादा, छत्र्या घरी ठेवून आलोय बरं का!" खिडकीवाल्यांनी सुरुवातीलाच टोला मारला. लोक हसले. पोस्टमास्तर जरा कमी हसले.

दुसऱ्याच मिनिटाला तो उंच चेंडू आला. मामा वळला, दोन्ही हात वर, थाप. चेंडू खिडकीवहिनींच्या पायाशी पडून मागे गेला. त्या चेंडूकडे न बघता मामाकडे बघत राहिल्या.

"हे काय होतं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"चुकून लागला. पुन्हा टाक."

पुन्हा टाकला. पुन्हा थाप. तिसऱ्यांदा एक तारांवर गेला तेव्हा खिडकीवाल्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्यानंतर ते उजवीकडे खेळायला लागले, आणि उजवीकडे खेळायचं तर पळावं लागतं.

मामाला मी इतकं मोकळं खेळताना कधी बघितलं नव्हतं. मला कारण माहीत होतं. पत्र गेलं होतं. त्याच्या हिशोबाने आता वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तो नुसता खेळत होता.

पाच-सहा झालं. आम्ही मागे, आणि त्यांना जिंकायला एकच गुण हवा. खिडकीवाले दमून लाल झालेले. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी जुनं औषध काढलं आणि चेंडू डाव्या खांद्यावर सोडला. आणि काय सांगू, मामाने जो फटका मारला तो मी अजून फोनमध्ये जपून ठेवलाय. खांदा, पाऊल, थाप. खिडकीवहिनी रॅकेट पुढे करून जवळजवळ आडव्या झाल्या आणि चेंडू कसाबसा रॅकेटच्या कडेला लागून परत आला. हळूच. जाळीवरून. बरोबर मामीसमोर.

त्याला नुसतं रॅकेट लावलं असतं तरी झालं असतं. मामी एकही असा चेंडू सोडत नाही. पण मामी चेंडूकडे बघतच नव्हती. ती तोंड उघडं टाकून मामाकडे बघत होती. चेंडू तिच्या बुटाशेजारी दोनदा टप्पा खाऊन थांबला.

"बाद होता का?" तिने विचारलं.

"आत होता," मामा म्हणाला.

हरलो. सातव्या वर्षी, पहिल्याच फेरीत.

संध्याकाळी मामा लिहायला बसला. सोमवारी सकाळी कोपऱ्यावरच्या पेटीत त्याने पत्र टाकलं आणि पोस्टात गेला.

दुपारी टपालाची थैली टेबलावर ओतली. सगळ्यात वर एक पोस्टकार्ड. बंदराचा शिक्का, मामीचं नाव. पाकीट मामा कधीच उघडत नाही, पण पोस्टकार्डाला उघडं-बंद नसतं, पत्ता वाचता वाचता डोळा पुढे जातोच. डॉक्टरांचं अक्षर दातासारखं टोकदार होतं.

"आपलं पत्र इतक्या दिवसांनी मिळालं, पोस्टाची कमाल आहे. जोडीदार चांगला व्हावा म्हणून विचारलंत ते आवडलं. यजमानांना माझं नाव न घेता सांगा: डाव्या हाताने रॅकेटचा गळा धरावा, खांदा वळवावा, मनगट घट्ट. बाकी दाढ कशी आहे?"

मामाने ते तीन वेळा वाचलं. मग आमच्या भागाच्या खणात टाकलं. पुढचं पाकीट उचललं, तर ते त्याचं स्वतःचं, सकाळी टाकलेलं. त्यात काय लिहिलंय ते त्याला चांगलं ठाऊक होतं आणि आता ते जगात कुणीही वाचू नये अशी त्याची इच्छा होती. पण त्यावर शिक्का पडला होता.

फट्.

मंगळवारी दुपारी पोस्टमनने दोन्ही एकदम दिली. मामीने पोस्टकार्ड वाचलं आणि पटकन पदराआड केलं. मग पाकीट कापलं. मामा पाण्याच्या पेल्यात बघत होता. मी ताटात.

"'अट मान्य आहे,'" मामी मोठ्याने वाचायला लागली. "'डॉक्टर उंच आहेत, तू त्यांना आधीच विचारलंस तरी माझी हरकत नाही. फक्त सराव सकाळी ठेवा. संध्याकाळी तुझे पाय दुखतात, ते तू सांगत नाहीस.'" ती थांबली. "हे काय हो? कुणी सांगितलं तुम्हाला की मी डॉक्टरांना विचारलं?"

"कुणी नाही."

"माझं पाकीट फोडलंत?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग?"

"वर पत्ता होता."

"नुसत्या पत्त्यावरून एवढं?"

"एकतीस वर्षं पत्त्यावरूनच चाललंय माझं," मामा म्हणाला.

मामी हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. पत्राची घडी घालून तिने ते त्याच्या मूळ घडीवर नीट दाबलं. "याचं उत्तर मी लेखीच देणार," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

बुधवारी सकाळी साडेपाचला मला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. दोघंही बूट घालत होती. कुणी कुणाला बोलावलं होतं म्हणावं तर तसं काही ऐकू आलं नाही. गुरुवारीही तेच. कोर्टावर मामी जाळीजवळ उभी राहायची आणि मी टाकलेल्या चेंडूंवर नजर ठेवायची. मामा बाजूने कितीही सुरेख फटके मारत असला तरी तिकडे बघायचं नाही, हा तिचा सराव. तो फारसा जमत नव्हता.

गुरुवारी दुपारी तिचं उत्तर आलं. मामाने ते आदल्या दिवशी स्वतःच खणात टाकलं होतं आणि रात्रभर त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यात एवढंच होतं: "शेवटचा चेंडू मी सोडला. म्हणून अट रद्द. उद्यापासून साडेपाचला यावे. कळावे."

खाली पूर्ण सही. मामाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाला, "उद्या म्हणजे शुक्रवार. दोन दिवस आधीच पोचलो आपण."